नांगर न लागलेली जागा

"तेथची माती नोको नेऊ, बाई. तुह्यं लेकरू अंगावर पिऊन राह्यलं." भागिरथाबाईनं हे वर्षाराणीला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा वर्षाराणी हसली होती. टिंगलीचं हसू नव्हतं ते. शिकलेल्या माणसाला एक हसू सवयीनं येतं, ज्यात समोरच्याला दुखवायचं नसतं आणि त्याचं ऐकायचंही नसतं, तसलं. मावशी, चिमूटभर तर नेते, असं काहीतरी ती म्हणाली होती, आणि हातातल्या मार्करनं पिशवीवर आकडा टाकून दुसरी पिशवी उघडली होती. डिसेंबरातलं कोवळं ऊन होतं. पळसाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत सात महिन्यांची अन्वी झोपली होती, आणि झोळीची दोरी भागिरथाबाईच्याच हातात होती. नको म्हणायचं आणि दोरीही हलवत राहायची, हे त्या दोघींच्या मधे फार सहज चाललं होतं. म्हणूनच की काय, ते बोलणं वर्षाराणीच्या मनात कुठंही न अडकता निघून गेलं.

दहा महिन्यांनी ते परत आलं, तेव्हा ती वाशीमला घराजवळच्या चक्कीवर गव्हाच्या डब्यासमोर उभी होती. अन्वी कडेवर होती आणि चक्कीवाल्याच्या भुवयांवरचं पीठ बघत होती. फोन वाजला नाही, नुसता थरथरला. ती कॉलेजातल्या ज्या माती-तपासणीच्या प्रकल्पात काम करायची, त्याच्या गोटे सरांचा निरोप होता, खाली आकड्यांचा तक्ता. निरोप एवढाच: वर्षाराणी, तिसऱ्या नळीच्या पिशव्या उलटसुलट झाल्या होत्या का? आठवून सांगा. तिनं तो दोनदा वाचला. चक्कीचा आवाज चालूच होता. पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, पुढच्या बाईचं ज्वारीचं दळण संपून हिचा नंबर आला होता, आणि तिला वाटलं की आपण कुठलीतरी गोष्ट विसरलो हे आपल्याला फार दिवसांपासून माहीतच होतं, फक्त ती कोणती ते आज कळलं. बाळंतपणानंतर तिचं हे असंच झालं होतं. गॅसचं बटण बंद केलं तरी ती जिन्यावरून परत यायची. अन्वी झोपली की नाकापुढं बोट धरून बसायची. उत्कर्ष, तिचा नवरा, मंगरूळपीरच्या बँकेत होता. तो म्हणायचा, तुला एखादी चूक झाली की सुटल्यासारखं वाटेल बघ, किती वाट पाहतेस तिची. तो हसून म्हणायचा. तिला ते कधी विनोदासारखं वाटलं नाही.

दळण घेऊन घरी येताना ती मनातल्या मनात पिशव्या मोजत होती. काम तसं सांगायला सोपं होतं, आणि तिनं ते सासूला, शेजारणीला, बसमधल्या बायांनाही सांगून पाहिलं होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मोठमोठ्या देशांनी अणुबाँब फोडून पाहिले, उघड्या आभाळात. त्याची धूळ वर गेली, जगभर फिरली आणि पावसाबरोबर सगळीकडे खाली आली. रशियात, आफ्रिकेत आणि रिठदच्या शिवारातसुद्धा. त्या धुळीत प्लुटोनियम होतं. ते मातीला धरून बसतं, पाण्याबरोबर खाली झिरपत नाही. माती वाहून गेली तरच ते जातं. म्हणून एखाद्या वावरात ते किती उरलंय हे कळलं, तर साठ वर्षांत त्या वावरातली माती किती वाहून गेली तेही कळतं. उरलेलं असतं तरी किती? ग्रॅमभर मातीचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी. ते मोजायचं यंत्र तिनं एकदाच, प्रशिक्षणाला गेली तेव्हा बघितलं होतं. माती तेजाबात विरघळवून, त्यातून नको ते सगळं काढून टाकून जे पाणी राहतं, ते एका निळसर जळत्या झोतात फवारतात. अणू सुटे होतात, चुंबकाच्या वळणावरून धावतात, जड वेगळा, हलका वेगळा, आणि पलीकडे एकेक अणू पोचल्याची नोंद पडत जाते. तिथल्या तंत्रज्ञ बाईनं तिला पडद्यावर दाखवलं होतं. हा दोनशे एकोणचाळीस, हा दोनशे चाळीस. जगात कुठंही गेलात तरी या दोघांचं प्रमाण जवळपास हेच. वर्षाराणीला तेव्हा भीती वाटायला हवी होती. उलट तिला फार शांत वाटलं होतं. इतक्या बारक्या गोष्टीचीही कुणीतरी मोजदाद ठेवतं, काही हरवत नाही, असं काहीसं.

पण वावरातलं उरलेलं मोजायचं तर आधी मूळ किती पडलं होतं ते माहीत पाहिजे. त्यासाठी एक जागा लागते जिला साठ वर्षांत कुणी हात लावलेला नाही. सर म्हणाले होते, हेच सगळ्यात अवघड आहे. ते खरंच होतं. वाशीम जिल्ह्यात नांगर न लागलेली जागा शोधणं म्हणजे काय असतं ते तिला तीन महिने फिरल्यावर कळलं. लोकांनी धुरे, म्हणजे वावरांचे बांधसुद्धा, कोरून नेले होते. गायरानं पेरली होती. काळ्या मातीत तर तसंही चालत नाही, ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि वरची माती आपणच खाली जाते. शेवटी रिठदच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, ई क्लासची एक बरड मिळाली. सरकारी चराईची, मुरमाड, उतार नसलेलं टेकाड. माथ्यावर पळसाची चार झाडं. पायथ्याशी भागिरथाबाईचं घर आणि तिच्या बकऱ्या. वर्षाराणीनं छापील प्रश्नपत्रिका काढून तिला विचारलं होतं, मावशी, इथं कधी नांगर लागला का? भागिरथाबाई ठाम म्हणाली होती, नाही. आमच्या सासऱ्यापासून नाही. वखर? नाही. पेरणी? नाही. ट्रॅक्टर? बाई त्यावर हसली होती. येथं कोन आनते ट्रॅक्टर, दगडं पेराले? वर्षाराणीनं चारी खान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. त्या खुणा बघून सरांनाही आनंद झाला होता.

अन्वीला खिचडी भरवून तिनं झोपवलं आणि कपाटाखालचं खोकं ओढलं. निम्मी माती प्रयोगशाळेत जाते, निम्मी आपल्याकडे राहते, पुढं शंका आली तर. कॉलेजात जागा नव्हती म्हणून खोकी तिच्या घरी होती. उत्कर्ष त्यांना तुझं माहेर म्हणायचा. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि पहिल्या नळीच्या पिशव्या ओळीनं मांडल्या. जमिनीत ठोकलेल्या लोखंडी नळीतून निघालेली माती, दर दोन सेंटिमीटरला एक पिशवी. वरची करडी-तपकिरी, मुळांच्या केसांसकट. खाली जाता जाता फिकट. चौदाव्या पिशवीत पिवळा मुरूम. दुसऱ्या नळीचंही तसंच, चौदा. मग तिसरी. प्रत्येक पिशवीवर आकडा होता, आत चिठ्ठीवर तोच आकडा होता. तिचं अक्षर होतं. तिनं पहिली पिशवी उघडून बोटानं चाळवली आणि बोट थांबलं. सगळ्यात वरच्या मातीत पिवळे मुरमाचे खडे होते. दहावीत, अकरावीत, जिथं फिकट व्हायला हवं होतं, तिथं माती गडद होती. आणि पिशव्या वीस होत्या.

वीस. तिनं परत मोजल्या. उलटसुलट झाल्या असत्या तरी चौदाच्या वीस कशा होतील? तेव्हा तिला तो आवाज आठवला. तांड्यावरचा उदयसिंग लोखंडी नळीवर घण मारायचा. पहिल्या दोन ठिकाणी शेवटी-शेवटी घण खणकन वाजला होता, मुरूम लागला की तसा वाजतो. तिसऱ्या ठिकाणी, त्या दोन्हींच्या मधे, दोन्हीकडून जेमतेम दीड हातावर, तो वाजलाच नाही. धप, धप, नुसता जात राहिला. उदयसिंगनं घण खाली टेकवून तिच्याकडं पाहिलं होतं. मॅडम, इथं पोली हाय जमीन, बस करू काय, असं तो म्हणाला होता. ती म्हणाली, छान, अजून जाऊ द्या, जास्त खोल मिळते आहे. त्यानं टोपी काढून कमरेला खोचली आणि मग पुढचे घण घातले. टोपी कशाला काढली, ऊन तर होतं, असं तिच्या मनात आलं होतं, हे तिला आता आठवत होतं. चाळीस सेंटिमीटरला नळीची लांबी संपली म्हणून ते थांबले. लांबी संपली म्हणून.

खिडकीतून दुपारचं ऊन वीस पिशव्यांवरून सरकत गेलं. दीड हातावर जमीन शाबूत, आणि इथं उघडलेली. वरची माती खाली गेलेली, खालचा मुरूम वर आलेला. कुणी विहिरीसाठी खणलं असतं तर एवढंसं कशाला खणेल? खांबासाठी? बरडीवर कशाचा खांब? आणि सरांच्या तक्त्यात बाँबची धूळ खाली गेलेली, म्हणजे धूळ पडून गेल्यावर खणलेलं. पन्नास वर्षं म्हणा, पंचावन्न म्हणा. केवढा खड्डा असेल? दोन नळ्यांच्या मधे मावेल एवढा. तिचे हात आपोआप हवेत उठले, एकमेकांपासून काही अंतरावर थांबले, आणि ते अंतर तिच्या ओळखीचं होतं. रोज त्या अंतरानं ती लेकीला उचलत होती.

तीन वर्षांपूर्वी, लग्न होऊन नवीनच आसेगावला गेली होती तेव्हा, भावकीतल्या एकीचं बाळ गेलं होतं. वर्षाराणीला आठवला तो एक पांढरा गाठोड्याएवढा कपडा, तो घेतलेला बाप, आणि त्याच्यामागं फावडं खांद्यावर टाकून जाणारे दोघं-तिघं. ताटी नाही, गर्दी नाही. बाया दाराच्या आतच होत्या. तिनं दाराबाहेर पाऊल टाकलं तर सासूनं, मनकर्णाबाईनं, दंड धरून मागं घेतलं होतं आणि हळू आवाजात सांगितलं होतं, दात नसन आले तर अग्नीले देत नाहीत, मातीले देतात, आन् बायानं जाऊ नाही. कुठं देतात, असं वर्षाराणीनं विचारलं होतं. सासू म्हणाली, पुरुषांले ठाव. एवढंच. पुढं ती बाई विहिरीवर भेटायची, बोलायची, हसायचीही. तिला ते ठिकाण माहीत आहे का, असं विचारायचं वर्षाराणीला कधी सुचलं नव्हतं. शेजारच्या खोलीत अन्वीनं कूस बदलली. चार वरचे, चार खालचे, दाढेची हिरडी सुजलेली. डिसेंबरात एकही नव्हता. डिसेंबरात ती झोळीत होती, आणि पळसापासून काही पावलांवर तिची आई नळी ठोकवून घेत होती.

नांगर लागला का, असं तिनं विचारलं होतं. नांगर लागलाच नव्हता. बाईनं खरं सांगितलं होतं.

संध्याकाळी तिनं सरांना फोन केला. पिशव्या बदलल्या नाहीत, असं ती म्हणाली. गोटे सर चांगला माणूस होता, ओरडणारा नव्हता. ते म्हणाले, मग तर ही विसंगती फार महत्त्वाची आहे, समजून घेतलीच पाहिजे. पुढच्या मंगळवारी माणसं घेऊन जाऊ, तिथं मीटरभर लांब-रुंद, मीटरभर खोल चर घेऊ, थर डोळ्यांनीच बघू. आनंदात होते ते. मीटरभर खोल. तिनं फोन ठेवला आणि हिशेब केला नाही, तो आपणच झाला. नळी चाळीसवर थांबली होती. कुत्र्या-कोल्ह्यानं उकरू नये म्हणून माणसं किती खोल घेत असतील? मंगळवारला पाच दिवस होते. सरांना सांगावं तर काय सांगावं? मला वाटतं? चिठ्ठ्या, आकडे, यंत्र, या सगळ्यांपुढं मला वाटतं हे कसं ठेवायचं? आणि सांगितलं तरी ते म्हणणार, म्हणजे अजून बघायलाच हवं. उत्कर्षला तिनं जेवताना सगळं सांगितलं. त्यानं पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि म्हणाला, विचार ना तिलाच. दुसऱ्या कोणाले विचारतेस? घाईत असला की त्याचं बोलणं असं वऱ्हाडीवर यायचं.

शनिवारी ती रिसोडच्या गाडीनं निघाली. मांडीवर अन्वी, पायाशी कापडी पिशवीत तिसऱ्या नळीची वीस पाकिटं. ऑक्टोबरचं ऊन होतं, वावरावावरात कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या होत्या, मळणीयंत्रांची धूळ रस्त्यावर येत होती. गाडीतल्या बाया पदर नाकाला लावून गप्पा मारत होत्या. सगळीकडची वरची माती कुठं ना कुठं जात होती.

भागिरथाबाई अंगणात शेंगा निवडत होती. सत्तरीची, काटक, एका कानानं कमी ऐकणारी. मुलगा-सून पुण्याला कंपनीत, ही एकटी. अन्वीला बघून तिनं हात पुसले. "आली व्हय? चालाले लागली काय वो माय." मग पोरगी मांडीवर घेऊन तिच्या तोंडात बोट घालून दात मोजले. वर्षाराणीनं चहा घेतला, शेंगा निवडल्या, पुण्याच्या नातवाची चौकशी केली, आणि कसं काढावं ते न कळून शेवटी पिशवी पुढं सरकवली. म्हणाली, मावशी, माती परत आणली. तुम्ही नको म्हणाल्या होत्या.

बाईनं पिशवीत पाहिलं. एक पाकीट काढून उजेडात धरलं. "एवढीच व्हती काय?"

"निम्मी आहे. निम्मी तेजाबात विरघळवली. मोजायला."

"मंग ते पानी कुठी फेकलं?"

वर्षाराणी या प्रश्नाला तयार नव्हती. तिनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. प्रयोगशाळेच्या मागं निळे ड्रम होते, झाकणाचे, वर नाव-तारीख लिहिलेले. "फेकत नाहीत मावशी. ड्रममधे भरून ठेवतात. नाव टाकून."

"ठेवतात ना. मंग बरं." तिनं पाकीट परत पिशवीत ठेवलं, जागच्या जागी, आकडा वर येईल असं. तिला वाचता येत नव्हतं.

मग तिनं सांगितलं, आणि ते रडत सांगितलं नाही. शेंगा निवडता निवडता सांगितलं. लग्न पंधराव्या वर्षी. पहिलं पोरगं, पाच महिन्याचं. पोळ्याच्या दिवशी ताप भरला, करीच्या दिवशी गेलं. मालकानं पदरातून काढून नेलं. बरोबर सासरा होता, कुदळ होती. दोघं बरडीकडं गेले ते तिनं दारातून पाहिलं. तासाभरानं आले, विहिरीवर हात धुतले, मालक तसाच बैलांकडं गेला. ती एकदा म्हणाली, कुठी ठेवलं ते सांगा. मालक म्हणाला, सांगून काय करशीन, जाऊन बसशीन. त्यानं कधीच सांगितलं नाही. पुढं दोन लेकी, एक पोरगा झाला. मालक जाऊन बारा वर्षं झाली. जायच्या आधी आठ दिवस त्याची जीभ गेली होती. तेव्हाही ती कानाशी बसून विचारत होती, आणि तो नुसता पाहत होता. "सांगाचं व्हतं त्याले. डोयानं सांगून राह्यला व्हता. मले समजलं नाई."

वर्षाराणीला दूध उतरल्यासारखं वाटलं, अंगावरचं पाजणं बंद होऊन चार महिने झाले होते तरी. तिला आता कळलं की आपण विचारायला म्हणून आलो आणि सांगायची वेळ आपल्यावर आली. सांगितलं नाही तर चालेल, असं क्षणभर वाटून गेलं. मालकानं हेच ठरवलं असेल का, दारात उभ्या पंधरा-सोळा वर्षांच्या बायकोकडं बघून? ती म्हणाली, मावशी, यंत्र एवढंच सांगतं की त्या जागी जमीन उघडली होती. कोणासाठी ते सांगत नाही. गावातल्या कुणाचंही असेल. तुमचंच आहे असं मी नाही म्हणू शकत.

भागिरथाबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मी इचारलं काय तुले कोनाचं म्हून? जागा कोनती, ते सांग."

त्या तिघी बरडीवर चढल्या. चढ फार नव्हता, पण बाई दोनदा थांबली. फोनवरचा ठिपका घेऊन वर्षाराणी पुढं चालत होती, हळूहळू, दोन पावलं डावीकडं, एक मागं, जसं कुणी अंधारात चाचपडतं. ठिपका काही हातभर अचूक नसतो. पण नळीची भोकं अजून दिसत होती, पहिली दोन मुरमात साफ कोरल्यासारखी. तिसरं बुजून गेलं होतं, नुसता वाटीएवढा खळगा राहिला होता. ही, असं म्हणून तिनं बोट दाखवलं.

बाई उभीच राहिली. मग खाली बसली, तळवा जमिनीवर टेकवला आणि आजूबाजूला पाहू लागली. झाडं, घराचं छप्पर, बकऱ्यांची पायवाट. पायवाट त्या खळग्याला अगदी लागून जात होती. "मी येथूनच बकऱ्या नेत व्हती," ती म्हणाली. "रोज. येथूनच." मग, कुणालाच नाही असं, "एवढं जवय व्हतं." अन्वी खाली उतरून खळग्यात खडा टाकू बघत होती. वर्षाराणीनं तिला ओढायला हात पुढं केला तर बाईनं तो अडवला. राहू दे, म्हणाली, खेयू दे तिले. वीस पाकिटं तिनं एकेक करून तिथं रिकामी केली आणि प्लॅस्टिक घडी घालून परत दिलं. पुढं कामाला येईल म्हणून.

सोमवारी सकाळी वर्षाराणी कॉलेजात गेली आणि सरांसमोर बसून म्हणाली, सर, मी घरी तपासलं. तिसऱ्या नळीच्या पिशव्या माझ्याकडूनच बदलल्या. त्या वेळी बाळ रडत होतं, मधे दहा मिनिटं मी पाजायला उठले. शेतातल्या सहा पिशव्या त्यात आल्या असाव्यात, म्हणून वीस झाल्या. उरलेली माती तपासताना सांडून गेली. हे सगळं तिनं बसमधे घोकलं होतं. सरांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, असू द्या, होतं असं, लहान बाळ असलं की लक्ष राहत नाही. दोन नळ्यांवर भागवू, तिसरी सोडून देऊ. मंगळवारचं रद्द करतो. बाहेर येऊन ती व्हरांड्यातल्या नळावर पाणी प्याली. आयुष्यात इतक्या बटणांवरून, कड्यांवरून, झाकणांवरून परत परत हात फिरवून जी चूक तिनं होऊ दिली नव्हती, ती आता तिच्या नावावर लागली होती. उत्कर्ष म्हणायचा तसं सुटल्यासारखं वाटतं का, हे तिनं शांतपणे तपासून पाहिलं. नाही वाटत. पण त्या रात्री ती गॅसचं बटण बघायला उठली नाही, हे दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं.

मार्चमधे प्रकल्पाचं वर्ष संपलं. पुढच्या वर्षासाठी सरांनी दुसरी मुलगी घेतली, आणि वर्षाराणीला वाईट वाटू नये अशा शब्दांत ते सांगितलं. त्याच महिन्यात उत्कर्षची बदली अहेरीला झाली, दोन-तीन जिल्हे ओलांडून पार तिकडे. मधल्या पाच महिन्यांत वर्षाराणी तीनदा रिठदला जाऊन आली होती. बाई आता रोज वर जाते, उदयसिंगनं तिला सांगितलं. बकऱ्या विकल्या. भाकर घेऊन जाते, दुपार तिथंच काढते, कधी तिथंच निजते. लोक म्हणतात बुढीचं डोकं फिरलं. मालकाचं म्हणणं खरंच झालं होतं, ती जाऊन बसली होती. आणि जागा दाखवली होती ती वर्षाराणीनं. तिनं ते चुकलं की बरोबर केलं, याचं उत्तर कुठल्या यंत्राकडं नव्हतं. एप्रिल-मे यायचे होते. ती बरड तापली की तव्यासारखी होते, पळसाला तेव्हा सावलीपुरती पानं नसतात, आणि ही अहेरीला.

शेवटच्या दिवशी सरांनी तिला नव्या मुलीसाठी प्रत्येक जागेची माहिती लिहून ठेवायला सांगितलं. तिनं तेवीस वावरांची लिहिली. चोविसाव्या पानावर ती थांबली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि मग एका हातानं अन्वीला कागदापासून दूर ठेवत, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

रिसोडच्या गाडीनं रिठदला उतरावे. तिथून आत दोन किलोमीटर, उजव्या हाताला बरड. या जागेचा नमुना पुन्हा घेऊ नये, जमीन हललेली आहे. पण काम नसलं तरी, हे वाचणारे तुम्ही कोणीही असा, त्या बाजूला गेलात तर वर एकदा चढून या. पळसाजवळ भागिरथाबाई बसलेल्या असतील. लांबून हाक मारू नका, त्यांना नीट ऐकू येत नाही. जवळ जा, समोरून जा, आणि त्यांच्याजवळ पाणी आहे का ते बघा.